उद्यमनगरातलं पिवळं जस्त

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. हे प्रकरण माझ्या क्लासमधल्या एका पोराच्या वडिलांच्या शेडमधलं, शिवाजी उद्यमनगरातलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीपण अण्णाच म्हणते. ओतकाम करतात, एक पिट भट्टी, दोन ग्रॅफाइटच्या मुशी, तीन माणसं, बस एवढाच पसारा. आयुष्यभर त्यांनी गन मेटलचे बुश ओतले, म्हणजे शंभरात ८८ तांबं, १० कथील आणि जस्त फक्त २. आणि परवाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पितळेची ऑर्डर घेतली, पाण्याच्या व्हॉल्वच्या बॉड्या. हे आधीच सांगून ठेवते कारण सगळी गोम त्यात निघाली, पण ते कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

एके दिवशी संध्याकाळी बॅच चालू असताना फोन. "मॅडम, जरा येऊन जावा की शेडवर. जस्तात कायतरी मिसळलंय बघा, पिवळं निघायलंय." म्हटलं पिवळं म्हणजे? तर म्हणे मुशीच्या काठाला पिवळी साय धरते, गंधक नायतर शिसं घातलंय त्या भंगारवाल्यानं, आणि वजनपण घटतंय. त्या भंगारवाल्याकडून त्यांनी जस्ताच्या विटा घेतलेल्या, त्याचे बारा हजार रुपये अण्णांनी अडवून ठेवले होते आणि दोघांची फोनवर चांगलीच जुंपली होती. आता शिसं ही शंका काही येडगळ नव्हती हं. शिशाचं ऑक्साइड पिवळंच असतं आणि जस्तात स्वस्तातलं शिसं असणं ही ऐकीवातली गोष्ट आहे. त्यामुळे मी हसले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

भट्टी चालू होती. मुशीच्या तोंडातून हिरवट-निळी ज्योत आणि तिच्यावर पांढरा धूर, धूर कसला, पिंजलेल्या कापसासारखे तुकडे उडत होते आणि पत्र्याला, वायरींना, कॅलेंडरवरच्या अंबाबाईच्या फोटोलासुद्धा चिकटत होते. मुशीच्या ओठाला मात्र खरंच पिवळी साय, लिंबाच्या सालीसारखी. अण्णांनी सळईनं एक खपली उचकटली आणि विटेवर टाकली. "हे बघा!" मी म्हटलं थांबा, बोलू नका, नुसतं बघा. पोरानं मोबाईल काढून शूटिंग लावलं. खपलीच्या कडा आधी फिकट झाल्या, मग मधला भाग, आणि मिनिटभरात अख्खी खपली चुन्यासारखी पांढरी. अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग ती खपली चिमट्यात धरून बर्नरवर धरली, परत पिवळी. विटेवर ठेवली, परत पांढरी. असं पाच वेळा केलं, पाचव्या वेळेला हेल्पर पोरं काम सोडून आमच्याभोवती उभी होती.

शिशाचं ऑक्साइड गार झाल्यावर असं पांढरंफेक होत नाही, पिवळं ते पिवळंच राहतं. गरम असताना पिवळं आणि गार झाल्यावर पांढरं ही खूण झिंक ऑक्साइडची, प्रॅक्टिकलच्या वहीत सॉल्ट ॲनॅलिसिसला सगळी पोरं हे लिहितात आणि एकानंही आयुष्यात बघितलेलं नसतं. पण कथिलाचं ऑक्साइडपण गरम असताना किंचित पिवळट दिसतं, म्हणून नुसत्या डोळ्यावर न जाता खपली आणि जस्ताच्या विटेचा कीस डबीत घालून क्लासवर घेऊन आले.

इथं एक घोळ झाला तो सांगते कारण असले घोळच खरं शिकवतात. पोरानं उत्साहाच्या भरात मी यायच्या आतच जस्ताचा कीस डायल्यूट नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवला आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड ओतलं, कारण शिशाची टेस्ट आयोडाइडनं करतात हे त्याला पाठ होतं. परीक्षानळी पिवळी-तपकिरी झाली. त्यानं तिथल्या तिथं वडिलांना फोन लावून सांगितलं, शिसं सापडलं! अण्णांनी तिकडं भंगारवाल्याला फोन करून काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मी आले, नळी उजेडात धरली, साका कुठंच नव्हता, नुसता रंग होता. स्टार्चचा थेंब टाकला तर निळाशार. म्हणजे ते आयोडीन होतं, नायट्रिक ॲसिडनं आयोडाइडला ऑक्सिडाइज करून बाहेर काढलेलं, शिशाचा काही संबंध नाही. मग विटेच्याच किसाची बर्नरवर राख केली, ती ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून त्यात आयोडाइड घातलं, पाण्यासारखं स्वच्छ. शेजारी तुलनेला लेड नायट्रेटची नळी ठेवली, तिच्यात पिवळाधमक साका, तापवून गार केल्यावर सोनेरी चमक्या पडल्या त्या बघून पोरगा गप्पच झाला. काठाची खपली कोळशाच्या ठोकळ्यावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून तापवली तर हिरवी झाली, म्हणजे जस्तच. तरीपण नळीतल्या टेस्टला अर्धा टक्का शिसं चुकू शकतं म्हणून मी अण्णांना म्हटलं विटेचा एक तुकडा स्पेक्ट्रोला द्या, म्हणजे धातूत काय किती ते मोजणाऱ्या मशीनला, कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांना स्पेक्ट्रो रिपोर्ट काही नवीन नाही. रिपोर्ट आला, जस्त साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वर. वीट चोख होती.

मग पिवळं का? हे अण्णांना समजावताना शब्दानं घोटाळा केला. मी म्हटलं, अण्णा, तो स्फटिकातला दोष आहे. "बघा, मी काय म्हणत होतो, दोष त्याचाच!" म्हटलं अहो त्याचा नाही, स्फटिकाचा. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात जस्ताचे धन आयन आणि ऑक्सिजनचे ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकाआड एक बसलेले असतात, आपल्या बिंदू चौकातल्या परेडसारखे रांगेत. तापवलं की काही ऑक्सिजन वायू होऊन निघून जातो, पण जाताना आपले इलेक्ट्रॉन मागे टाकून जातो. एका ऑक्सिजनमागे एक जस्त जादा ठरतं, ते रांगेच्या मधल्या सांदीत जाऊन बसतं, आणि ते सुटे इलेक्ट्रॉन शेजारच्या सांदीत. हे इलेक्ट्रॉन उजेडातला थोडा भाग खातात म्हणून रंग दिसतो. पुस्तकात याला धातू-आधिक्य दोष म्हणतात. मीठ सोडियमच्या वाफेत तापवलं की पिवळं होतं आणि पोटॅशियम क्लोराइड जांभळं, तिथं इलेक्ट्रॉन सांदीत नाही तर निघून गेलेल्या क्लोराइडच्या रिकाम्या जागेत बसतो, त्याला एफ-सेंटर म्हणतात, एफ म्हणजे 'फार्बे', जर्मन भाषेत रंग. फ्रेंकेलनं १९२६ ला आणि शॉटकी-वॅगनर जोडीनं १९३० ला या गाळलेल्या जागांचं गणित मांडलं, पोरं फक्त नावं घोकतात.

अण्णांचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "मॅडम, ऑक्सिजन गेला तर गार झाल्यावर परत कुठनं येतो?" म्हटलं हवेतनं. "एवढ्या झटक्यात? खपलीच्या आत?" आणि इथं मी अडकले, कारण त्यांचं बरोबर होतं. घन पदार्थात आयन इकडून तिकडं सरकायला वेळ लागतो, त्यातून गार होताना तर अजूनच मंद, आणि आमची खपली मिनिटभरात पांढरी झालेली. पुस्तकातलं कारण खोटं नाही, पण पुरं नाही असं माझं मत झालंय. झिंक ऑक्साइडला उजेड खायला साधारण ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण लागतो, कारण इलेक्ट्रॉनला तेवढ्या ऊर्जेची दरी ओलांडायची असते, तो अतिनील, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ते पांढरं. तापवलं की ही दरी अरुंद होते आणि जांभळा-निळा उजेडपण खाल्ला जातो, उरलेला उजेड पिवळा दिसतो. गार केलं की दरी आपोआप पूर्ववत, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. उलट झिंक ऑक्साइड जस्ताच्याच वाफेत तापवलं तर ते गार झाल्यावरसुद्धा नारिंगी-लालसर राहतं, तो मात्र खरा दोषाचा रंग, कारण तिथं परत यायला ऑक्सिजनच नसतो. म्हणजे अण्णांच्या मुशीवर दोन्ही कारणं असणार पण त्या पटकन जाणाऱ्या पिवळेपणात दरीचा वाटा मोठा, असं मला वाटतं. पोराला सांगितलं, बोर्डात दोन मार्काला ऑक्सिजन जातो तेच लिही बाबा, उगाच शहाणपणा नको.

"पण दोष असलेल्या मालाचा उपयोग काय?" हे अण्णांचं चालूच. म्हटलं तुमच्या शेडबाहेर खांबावर जो लायटनिंग अरेस्टर बसवलाय त्याच्या आत झिंक ऑक्साइडच्याच चकत्या असतात, एरवी वीज अडवतात आणि विजेचा दाब वाढला की वाट देतात, हे चोख स्फटिकाला जमत नाही. आणि सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या काळापासून कोल्हापुरात जेवढी फिल्म कॅमेऱ्यातून फिरली तिच्यावर सिल्व्हर ब्रोमाइडचा थर असायचा, त्यातले चांदीचे आयन आपली जागा सोडून सांदीत फिरतात म्हणूनच उजेड पडल्यावर चित्र उमटतं. सिनेमाचं नाव काढल्यावर अण्णा जरा खूश झाले.

पण वजन? रंगाचं निघालं तरी वजन घटतच होतं आणि भंगारवाल्यावरचा राग तिथंच अडकलेला. म्हणून एका हीटचा, म्हणजे मुशीच्या एका खेपेचा हिशोब मांडला. मुशीत घातलं ३४ किलो पितळेचं भंगार, तांब्याची वायर धरून, आणि ६ किलो नवीन जस्त, एकूण ४०. बाहेर आलं बॉड्या, रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला धातू), उरलेलं धरून ३७.९ किलो, आणि स्लॅग म्हणजे वरची मळी ८०० ग्रॅम, त्यात थोडा धातूपण होता. म्हणजे दीड किलोच्या आसपास जस्त पत्र्यातून आभाळात. आता गंमत बघा. दीड किलो जस्त म्हणजे साधारण २३ मोल (मोल हे अणू मोजायचं ठरावीक माप), त्याचं झिंक ऑक्साइड होतं १.८७ किलो. यातल्या हजारात एक ऑक्सिजन निघून गेला असं धरलं, आणि हे मी हात सैल सोडून धरतेय, तरी त्या गेलेल्या ऑक्सिजनचं वजन ०.३७ ग्रॅम. ज्या रंगावरून अण्णा भांडत होते त्याची किंमत तोळ्याच्या पंचविसाव्या भागाएवढीसुद्धा नाही आणि खरा माल डोळ्यासमोर पांढऱ्या कापसातून उडत होता, त्या कापसाला मात्र कुणी शिवी दिली नाही, कारण पांढरं म्हणजे चांगलं!

आता ऊर्जेचं बघू. एक मोल जस्त जळून ऑक्साइड झालं की सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २३ मोलला ८ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास पावणेदोनशे ग्रॅम एलपीजी जाळल्यासारखं. अण्णा म्हणाले मग बरंच की, फुकटचं इंधन! तर तसं नाही. हेसचा नियम इथं कामाला येतो. जस्त थेट जळत नाही, आधी मुशीतून वाफ होतं आणि वाफ वर येऊन हवेत जळते. घन जस्ताची वाफ करायला मोलमागे १३० किलोज्यूल घालावे लागतात आणि ती वाफ जळली की ४८० सुटतात, वजाबाकी केली की तेच ३५०. वाट कुठलीही घ्या बेरीज तीच येते, पण घेणं आणि देणं दोन वेगळ्या ठिकाणी होतं. वाफ व्हायची उष्णता जाते मुशीतल्या रसातून, आणि जळायची उष्णता मिळते वरच्या हवेला, पत्र्याला आणि अंबाबाईच्या कॅलेंडरला. थोडीफार रसाच्या पृष्ठभागाला परत मिळते, बाकी वाया.

रसातून किती जाते? वितळलेल्या जस्ताची वाफ करायला मोलमागे ११५ धरले तर २३ मोलला अडीच मेगाज्यूलच्या वर. चाळीस किलो पितळेचा रस एक अंशानं तापवायला ढोबळ १६ किलोज्यूल लागतात. भागाकार करा, १६० अंश! म्हणजे जस्त उडतंय म्हणून रस आतून गार पडत राहतो, ओतणाऱ्याला वाटतं अजून पातळ झाला नाही, तो ब्लोअर वाढवतो, ब्लोअर वाढवला की जस्त अजून उडतं. हा फेरा मी शेडमध्ये उभी राहून डोळ्यांनी बघितला, अण्णांचा हात तीनदा ब्लोअरच्या झडपेवर गेला.

आणि मग सुरुवातीची ती गोम. गन मेटल ओतायला त्यांना ११५० अंशांच्या वर जायची सवय, तिथं जस्त दोनच टक्के, उडून उडून किती उडणार. साठ-चाळीसचं पितळ, म्हणजे शंभरात ६० तांबं आणि ४० जस्त, नऊशेच्या आसपास वितळतं आणि नुसतं जस्त ९०७ अंशाला उकळतं. पितळेत मिसळलेलं असलं की तांबं त्याला धरून ठेवतं म्हणून जरा उशिरा, पण हजाराच्या वर शंभर अंश गेलात की ते धरून ठेवणंही संपतं. तीस वर्षांचा हात, ज्योतीच्या रंगावर तापमान ओळखणारा, पण तो हात गन मेटलचा होता. त्यात जस्ताच्या विटा ते सगळ्यात आधी, मुशीच्या तळाला टाकत होते, का तर "वितळायला हलकं ते आधी". म्हणजे तांबं वितळेपर्यंत जस्ताला उकळायला मोकळं रान.

मध्ये एक गोष्ट राहिली. त्या आठवड्यात एका हेल्परला सुट्टीनंतरच्या दिवशी रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला गोडसर धातूची चव, दुसऱ्या दिवशी दुपारी ठणठणीत. घरच्यांना वाटलं मलेरिया. हा जस्ताच्या धुराचा ताप, पितळ ओतणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत असलेला, रोज धुरात असलं की अंगवळणी पडतो आणि सुट्टी झाली की परत गाठतो. गूळ खा आणि दूध पी हा शेडमधला उपाय, आपल्याकडं गुळाला कमी नाही, पण गूळ घशातली धूळ खाली नेत असेल तर नेईल, फुप्फुसातलं जस्त काही काढत नाही. मी अण्णांना जरा रागावूनच म्हटलं की बारा हजाराचं राहू द्या, आधी वरचा पत्रा उघडा आणि पंखा बसवा. त्यांनी पंखा बसवला, मास्क मात्र अजून खिळ्यालाच लटकतात.

उपाय साधे निघाले. तांबं आणि भंगार आधी वितळवायचं, वर काचेच्या चुऱ्याचं झाकण घालायचं, ब्लोअर बंद करायचा आणि जस्त सगळ्यात शेवटी. ती वीट भट्टीच्या काठावर आधी तापवून कोरडी करून घ्यायची, ओली वीट रसात गेली तर रस उडून अंगावर येतो, यात चेष्टा नाही. मग चिमट्यानं धरून रसाच्या पोटात दाबायची, वर तरंगू द्यायची नाही. आणि एक पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र, जुना, दुसऱ्या शेडमधून उसना आणलेला. पहिल्या हीटला घट आली ८०० ग्रॅम, सगळं धरून. दुसऱ्याला ७००. तिसऱ्याला परत १३००, कारण अण्णा फोनवर बोलत बसले आणि मूस ब्लोअरवर तशीच राहिली. फोन कुणाचा होता हे मी विचारलं नाही, पण पोरगा म्हणाला भंगारवाल्याचाच.

शेवटी तोच एक दिवस शेडवर आला. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि सळईनं खपली काढून विटेवर ठेवली. आता हा खेळ ते येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, मला विचारून विचारून सगळं पाठ केलंय, सांदी, इलेक्ट्रॉन, दरी, आणि मधेच बिंदू चौकपण येतो. भंगारवाल्यानं पिवळ्याचं पांढरं होताना शांतपणे बघितलं, परत तापवून दाखवलं तेपण बघितलं, चहा संपवला, कप खाली ठेवला.

"लई भारी, अण्णा. आता माझं बारा हजार काढा."